सहा दातांच्या बाळाची दंततपासणी: एका बालदंतचिकित्सालयाचा अनुभव

पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाची पहिली दंततपासणी व्हावी असे बालदंतचिकित्सक सांगतात. त्यानुसार आम्ही मुलीला केवळ लहान मुलांवरच उपचार करणाऱ्या एका दवाखान्यात नेले. एका ठळक त्रुटीसह ही सेवा मला अतिशय मोलाची वाटली.

तपासणीसाठी मोठी खुर्ची वापरलीच नाही. डॉक्टर आणि मी गुडघ्याला गुडघे टेकवून समोरासमोर बसलो, मुलीचे पाय माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना घेतले आणि तिचे डोके अलगद डॉक्टरांच्या मांडीवर टेकवले. ती रडली, पण माझा चेहरा तिला सतत दिसत होता, आणि रडताना तोंड उघडे राहत असल्यामुळे सगळे दात नीट पाहता आले. डॉक्टरांनी तिचा वरचा ओठ बोटाने उचलून मला हिरडीलगतची कडा पाहायला लावली. कीड सुरू होते तेव्हा तिथे खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते. त्या टप्प्यावर कीड परतवता येते, मात्र खड्डा पडल्यावर दात आपोआप भरून येत नाही. दर महिन्याला घरी असाच ओठ उचलून पाहा, असे त्यांनी सांगितले, आणि माझ्या मते त्या भेटीतली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच होती.

बाटली तोंडात ठेवून झोपण्याबद्दलही त्यांनी नुसती मनाई केली नाही, तर कारण समजावले. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दूध दातांवर रेंगाळते. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाने बरेचसे वाचतात, वरचे मात्र आधी किडतात. दुधाचे दात पडणारच आहेत, मग एवढी काळजी कशाला, या नेहमीच्या शंकेवर त्यांचे उत्तर नेमके होते: दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि कायमच्या दातांची जागा राखतात.

शेवटी कीड रोखणाऱ्या फ्लोराइडचा लेप छोट्या ब्रशने काही क्षणांत लावून झाला.

त्रुटी आहे ती दर्शनी भागातल्या विक्रीच्या कपाटात. आत डॉक्टर १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असलेली टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, दिवसातून दोनदा वापरायला सांगतात. वयाची तीन वर्षे झाल्यावर ते प्रमाण वाटाण्याएवढे करायचे असते. बाहेर मात्र फ्लोराइड नसलेली, 'बाळांसाठी सुरक्षित' असे ठसठशीत लिहिलेली नळी पुढे केली जाते. पेस्ट पोटात जाईल ही पालकांची भीती खरी असली, तरी तिच्यावरचा उपाय प्रमाण मोजके ठेवणे हा आहे, कीड रोखणारा घटकच काढून टाकणे हा नव्हे. ज्या पालकांनी आत नीट ऐकलेले नसेल, ते बाहेरची नळी विश्वासाने घेऊन जातील, आणि म्हणूनच ही बाब मला किरकोळ वाटत नाही. मी ती डॉक्टरांच्या कानावर घातली आहे.

वेळ ठरवताना बाळाची झोप झालेली असेल अशीच वेळ मागावी. दवाखाना ती आनंदाने देतो.