सिम्स ४ ची कोणती पॅकं घ्यावीत: घरी येणारी, की आपण ज्यांच्याकडे जायचं ती?

सिम्स ४ म्हणजे माणसांची (सिम्सची) घरं आणि आयुष्यं चालवायचा कॉम्प्युटर गेम. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा मूळ गेम फुकट झाला आणि आमच्या भुसावळ-जळगावकडे तो खेळणारी पोरं वाढली. नात्यातली, ओळखीतली पोरं मला एकच विचारतात: दादा, पैसे घालायचेच तर कुठल्या पॅकमध्ये, म्हणजे विकतच्या जोडणीत, घालू? प्रश्न रास्त आहे. नुसती एक्स्पान्शन, म्हणजे मोठी पॅकंच, वीसच्या आसपास झाली आहेत. गेम पॅक, स्टफ पॅक आणि किट वेगळीच. सगळी घ्यायची म्हटली तर चांगल्या लॅपटॉपच्या किमतीशी गाठ पडते.

मी हा गेम कुटुंबासाठी खेळतो. आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, सगळे एका घरात, आणि पिढी पुढे जात राहते. ज्यांना एकटा सिम घेऊन नट व्हायचं आहे किंवा भुताखेतांत रमायचं आहे, त्यांचा हिशेब वेगळा निघेल. माझा लॅपटॉप जुना आहे, त्यात अजून साधी हार्डडिस्क आहे. हे आधीच सांगतो, कारण माझा सगळा कौल तिथूनच ठरला.

सिम्स ४ मध्ये एका लॉटवरून (घराच्या किंवा दुकानाच्या प्लॉटवरून) दुसऱ्या लॉटवर जायचं तर मध्ये लोडिंग स्क्रीन येते, हे खेळणाऱ्यांना माहीत आहे. सिम्स ३ सारखं अख्खं गाव मोकळं नाही. माझ्याकडे ती स्क्रीन आली की प्लंबॉब, सिमच्या डोक्यावरचा तो हिरवा खडा, फिरत राहतो, पंखा घरघरतो, आणि मे महिन्यात कूलर पुढ्यात असूनही कीबोर्डवर बोट टेकवत नाही. तेवढ्यात लाइट गेली, बॅटरी दमलेली असली आणि सेव्ह केलेलं नसलं, तर तेवढा खेळ गेला. पण वेळ जातो ही माझी खरी तक्रार नाही. वेळ मी काढतो. मला लागतं ते हे की त्या स्क्रीनने घर तुटतं. दोघांना घेऊन बाहेर गेलो की मागे राहिलेल्या सहा जणांचं काय चाललंय ते दिसत नाही. आजीने नातवाला गोष्ट सांगितली का, थोरल्या सुनेचं धाकटीशी वाजलं का, काही कळत नाही. बघायचं तर परत लोडिंग. म्हणजे एक तर सण बघा, नाहीतर घर बघा. एकत्र कुटुंब खेळणाऱ्याला हे फार जाचतं. म्हणून कुठलंही पॅक समोर आलं की मी आधी एवढंच विचारतो: यातली मजा माझ्या अंगणात येणार आहे, की मला तिच्याकडे जावं लागणार आहे?

या कसोटीवर सीझन्स आणि सिटी लिव्हिंग समोरासमोर ठेवली की फरक लगेच दिसतो. सिटी लिव्हिंग २०१६ चं. सॅन मायशुनो हे शहर अजूनही सगळ्या पॅकांतलं सर्वांत जिवंत शहर आहे असं मला वाटतं. मसाल्यांचा उत्सव, गीककॉन हा गेमवेड्यांचा मेळा, जुन्या वस्तूंचा बाजार, रस्त्यावरच्या गाड्यांवरचं खाणं, दारावर धपाधप मारून शेजाऱ्याला गप्प करणं, सगळं फक्कड जमलंय. पण ते सगळं तिथे आहे. माझं कुटुंब राहतं ओएसिस स्प्रिंग्ज या मूळ गेममधल्या वाळवंटी गावात, आणि त्याला या पॅकचा उपयोग वर्षातून एखाद्या सहलीपुरता. आता यावर एक उपाय आहे आणि तो सांगायला हवा: सॅन मायशुनोच्या स्पाइस मार्केट या वस्तीतच फ्लॅट घ्यायचा. मग लिफ्टने खाली उतरलं की मसाल्यांचा उत्सव दारात, मध्ये लोडिंग नाही. ज्यांना शहरातच राहायचं आहे त्यांना हे पॅक मी मोकळ्या मनाने घ्या म्हणेन. मात्र फ्लॅटचं बाहेरचं रूप बदलता येत नाही, आतलंच काय ते. मला घर पायापासून बांधायला आवडतं, आणि माझी माणसं आठ. त्यांना फ्लॅटमध्ये कोंबून मला करमत नाही.

सीझन्स (२०१८) उलट वागतं. ते कुठलंही नवं मोठं गाव दाखवत नाही. आहे त्याच घरावर ऊन, पाऊस, वारा पाडतं. जे कुटुंब तुम्ही आधीपासून खेळताय, त्याच्या दारात पहिल्या दिवसापासून पॅक हजर. ऋतू मुळात सात दिवसांचा असतो. तो चौदा किंवा अठ्ठावीस करता येतो. मी चौदावर ठेवतो, कारण सातात उन्हाळा अंगात मुरायच्या आत संपतो, आणि खानदेशच्या माणसाला तो उन्हाळा वाटतच नाही. ओएसिस स्प्रिंग्जमध्ये हिवाळ्यातही बर्फ पडत नाही, त्यामुळे सपाट छताचं, आपल्या धाब्याच्या घरासारखं घर बांधून तिथे खेळलं की हवामान बरंचसं ओळखीचं वाटतं. उन्हात जास्त वेळ राहिला तर सिम खरोखर मरतो. त्याला उन्हाळ्याचे कपडे वेगळे नेमून द्यावे लागतात, थर्मोस्टॅट लावावा लागतो. ४५ अंशांत दुपारी बाहेर न पडणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एक उणीव आहे. आपला पावसाळा त्यात नाही. पाऊस येतो, पण जून ते सप्टेंबर असा सलग चार महिने मुक्कामाला येत नाही. फार त्रास होत असेल तर तापमानाचा परिणाम सेटिंगमधून बंदही करता येतो. मी केलेला नाही.

पण सीझन्स मी ज्यासाठी जवळ धरून ठेवलंय ते म्हणजे त्याचं कॅलेंडर. सण स्वतः तयार करता येतो: नाव तुमचं, चिन्ह तुमचं, त्या दिवशी कामाला आणि शाळेला सुट्टी द्यायची की नाही तेही तुम्ही ठरवायचं, आणि जास्तीत जास्त पाच प्रथा जोडायच्या. माझ्या कॅलेंडरमध्ये वसंत संपता संपता आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आहे. सुट्टी दोन्हीकडची, मोठं जेवण आणि पाहुण्यांना बोलावणं. सासरी गेलेल्या दोन्ही लेकी येतात. एकदा तयार केला की तो सण दरवर्षी आपोआप येतो. धाकटी पोरं मोठी होतात, सासरी जातात आणि मग त्याच आखाजीला पाहुणी म्हणून येतात. आंब्याचा रस गेममध्ये नाही, मांडे नाहीत, झोक्यावरची गाणी नाहीत. तरी तो दिवस आला की घर भरतं, आणि भरतं ते माझ्या डोळ्यांसमोर, एकाच लॉटवर. श्रावणातल्या कानबाईसाठीही मी असाच एक दिवस राखलाय. दुसऱ्या कुठल्या पॅकने मला इतकं आपलं असं काही दिलेलं नाही.

ग्रोइंग टुगेदर (मार्च २०२३) या घराला पूरक आहे. घेण्याआधी एक नीट लक्षात घ्या: रांगती बाळं त्याच सुमारास मूळ गेमच्या अपडेटमधून सगळ्यांना फुकट मिळाली. फक्त बाळांसाठी हे पॅक घेणार असाल तर थांबा. पॅकमध्ये खरं मिळतं ते नात्यांचं स्वरूप. बाप-लेकातलं नातं कडक की मोकळं, जवळचं की तुटक, हे ठरतं आणि वागण्यात दिसतं. शिवाय पाहुणा चार दिवस मुक्कामाला ठेवता येतो. मूळ गेममध्ये पाहुणा रात्र झाली की निघून जातो, आणि आपल्याकडच्या कुणालाही ते खटकतंच. सीझन्सनंतर माझा हात याच पॅककडे जातो. सॅन सेक्वॉया हे त्यातलं गाव छान आहे, पण मी तिथे क्वचितच जातो आणि माझं त्यावाचून अडलेलं नाही.

शेतीची ओढ असलेल्यांचा घोळ होतो तो कॉटेज लिव्हिंग आणि हॉर्स रँचमध्ये. इथे एक गोष्ट पॅकच्या पानावर ठळक दिसत नाही, पण कुटुंब खेळणाऱ्यासाठी तीच निर्णायक आहे. एका घरात जास्तीत जास्त आठ जण. घोडा या आठांत मोजला जातो. कुत्रा-मांजरही. म्हणजे दोन घोडे पाळले की आजी-आजोबांना दुसरं घर बघावं लागतं. कॉटेज लिव्हिंगमधली गाय आणि कोंबड्या मात्र आठांत धरल्या जात नाहीत. भरल्या घरासाठी गाय परवडते, घोडा परवडत नाही. सारंगखेड्याचा घोडेबाजार लहानपणापासून बघितलेल्यांना घोड्याचा मोह पडणारच, आणि हॉर्स रँचमधला घोडा दिसतो, चालतो फारच देखणा. ते मान्यच. पण स्पर्धेला नेला की तो नजरेआड जातो, फक्त निकाल कळतो. दोघाचौघांचं लहान घर असेल तर घ्या.

कॉटेज लिव्हिंगमधल्या गायीचं रोजचं करावं लागतं: चारणं, साफ करणं, धार काढणं, शिवाय तिच्याशी बोलणं. हौस असेल तर बरं वाटतं, नसेल तर चार दिवसांत कंटाळा येईल. गोठा कुठल्याही गावातल्या घरी ठेवता येतो, हेन्फर्ड या पॅकमधल्या गावातच राहायला पाहिजे असं नाही. अवाढव्य पिकंही तशीच अंगणात येतात: भोपळा, कलिंगड, लेट्यूस, मशरूम आणि वांगं. वांगं आपल्या हिरव्या-पांढऱ्या भरिताच्या वांग्यासारखं नाही, जांभळं आहे. पण ते पहिल्यांदा पूर्ण वाढलं तेव्हा आई मागे उभी होती. एवढ्या एका वांग्यात अख्ख्या गल्लीचं भरीत होईल, म्हणाली, आणि ते तोडेपर्यंत हलली नाही. गावच्या जत्रेत अशा पिकाला बक्षीस मिळतं. जत्रा मात्र हेन्फर्डमधल्या फिंचविकमध्ये भरते, तिथे जावंच लागतं. मी जात नाही, माझं वांगं घरी खपतं. सीझन्स जवळ असेल तर पाऊस बागेला पाणी घालतो आणि प्रत्येक पिकाला त्याचा हंगाम येतो. ही दोन पॅकं एकमेकांना फार उचलून धरतात.

दुकान काढायचं असेल तर जुनं गेट टू वर्क (२०१५) आणि नवं बिझनेसेस अँड हॉबीज (मार्च २०२५) यांत मला तरी निवड अवघड गेली नाही. पहिल्यात दुकान वेगळ्या लॉटवर, म्हणजे रोज उघडायला जा, बंद करून या. दुसऱ्यात राहत्या घराचा एक भाग धंद्याला काढता येतो. माझ्या थोरल्या सुनेने ओसरीत चाक आणि भट्टी मांडून मातीची भांडी विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक ओसरीत, पोरं आत अभ्यास करतायत, सासरे मध्येच येऊन गिऱ्हाइकाशी गप्पा मारतायत. आपल्याकडे पापडाचे, केळीच्या वेफर्सचे घरगुती धंदे असेच तर चालतात. गेट टू वर्कमधला डॉक्टर आणि पोलिसांतला डिटेक्टिव्ह मात्र दुसरीकडे मिळत नाही. नातेवाइकाच्या मुलाला फक्त डॉक्टर व्हायचं होतं, त्याला मी तेच घ्यायला सांगितलं. त्याचं मशीनही चांगलं आहे.

फॉर रेंट (डिसेंबर २०२३) बद्दल माझं मन अजून पुरतं ठरलेलं नाही. एका लॉटवर सहापर्यंत बिऱ्हाडं, आणि इमारत आपण स्वतः बांधायची. कागदावर हे वाड्याचं स्वप्नच आहे: मध्ये चौक, भोवती सहा खोल्या, प्रत्येकीत एक भाऊ. आठ माणसांची मर्यादाही अशाने ओलांडता येते. पण खेळताना दुसऱ्या बिऱ्हाडाची माणसं आपल्या हातात नसतात. ती शेजारी होतात, घरची राहत नाहीत. ज्यांना चाळ खेळायची आहे त्यांना सिटी लिव्हिंगच्या फ्लॅटपेक्षा हे नक्कीच सरस. ज्यांना एक चूल खेळायची आहे त्यांनी सेलची वाट पाहावी. जुनी एक्स्पान्शन सेलमध्ये बऱ्याचदा अर्ध्या किमतीला येतात.

इको लाइफस्टाइलमधली पवनचक्की आणि सोलर पॅनल घराच्या छतावर, अंगणात बसतात, ते मला आवडलं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे डोंगरभर पवनचक्क्या फिरताना बघितलेल्यांना अंगणातली एक चक्की लहान वाटेल, पण वीजबिल खाली येतं. बाकी शेजाऱ्यांच्या मतदानाने गल्लीचे नियम बदलतात, ते मला मानवलं नाही. हाय स्कूल इयर्समध्ये पोरासोबत शाळेत जायचं, म्हणजे पुन्हा लोडिंग. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेलं फॅशन स्ट्रीट किट छोटं आहे, स्वस्त आहे, कपडे मस्त आहेत. तेवढं हौसेने घ्यायला हरकत नाही.

तुमच्या मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असेल तर माझ्या म्हणण्यातली बरीचशी धार कमी होते, आणि सिटी लिव्हिंग तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आनंद देईल. खात्री नसेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून एका वेळी एकच पॅक घ्या. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि त्यानंतर गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांत नवं घर सजवत बसू नका. तुमचं जुनं कुटुंब उघडा, दोघांना सॅन मायशुनोला न्या, तिथून घरी परत या, आणि आल्यावर मागे राहिलेल्यांकडे जाऊन बघा.