तळणाच्या तेलावर घर चालवायचा संच: कुठे फसवतात आणि कसं ओळखायचं

कोपरखैरणेतल्या एका कुटुंबाने रो-हाउसच्या मागच्या ओट्यावर २ लाख ३५ हजारांचा जनरेटरचा एक संच बसवून घेतला. वापरलेल्या खाद्यतेलावर अख्खं घर चालेल, गीझर काढून टाका, महावितरणचं बिल नावापुरतं येईल, उरलेली वीज महावितरणलाच विकता येईल, अशी विक्रेत्याची बोली होती. दरमहा तेल 'मोफत' पोचवण्यासाठी ३० हजारांची अनामत वेगळी. तीन महिन्यांत इंजिन जाम झालं, तेलाचे डबे यायचे बंद झाले आणि फोन लागेनासा झाला. नाव कुठे येणार नाही या अटीवर त्यांनी कागद आणि संच दोन्ही बघू दिले. त्यातून जे दिसलं ते पुढे दिलं आहे.

ही फसवणूक पकडायला अवघड जाते, कारण तिचा पाया खरा आहे. डिझेल इंजिन खाद्यतेलावर चालतं. लिटरला लिटर धरलं तर तेलातली उष्णता डिझेलपेक्षा जेमतेम ५ ते ७ टक्के कमी भरते. त्यामुळे इंटरनेटवर शोधणाऱ्याला विक्रेत्याचं म्हणणं पटतं. अडचण दाटपणाची आहे. ४० अंश तापमानाला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक्स असतो, खाद्यतेलाचा ३५ ते ४०. इंजेक्टरच्या बारीक भोकांतून एवढं जाड तेल धुक्यासारखं फवारलं जात नाही, पिचकारी उडते. पिचकारी पूर्ण जळत नाही. म्हणून तेल इंजेक्टरपर्यंत पोचताना ७० ते ८० अंशांपर्यंत तापलेलं असावं लागतं. ही उष्णता आणायची कुठून, हा पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारायचा.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ती रेडिएटरच्या गरम पाण्यातून मिळते. ओट्यावर उभा होता तो ३००० आरपीएमचा, हवेवर थंड होणारा ५ केव्हीएचा छोटा जनरेटर. त्यात गरम पाण्याचं सर्किटच नाही. म्हणजे तेल तापवायची सोय नाही आणि 'इंजिनच्या उष्णतेवर बाथरूमला गरम पाणी' या आश्वासनाचा अर्धा भाग जन्मतःच खोटा. त्याऐवजी सायलेन्सरभोवती तांब्याच्या नळीची चार वेटोळी गुंडाळून तिला 'हीट रिकव्हरी युनिट' असं नाव दिलं होतं. सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता. नळीतलं पाणी अडकलं आणि इंजिन चालू राहिलं तर आत वाफ होते आणि नळी फुटते.

गरम पाण्याचा हिशेब कोणालाही मांडता येतो. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट उष्णता लागते. अर्ध्या लोडवर तासाला एक लिटर तेल जळतं असं धरलं, तर त्या लिटरातल्या सुमारे साडेनऊ युनिट उष्णतेपैकी धुरातून जाते ती अंदाजे तीन. चांगल्या हीट एक्स्चेंजरने त्यातली निम्मी पकडली तरी चौघांच्या आंघोळीसाठी तीन तास इंजिन धडधडत ठेवायचं. सकाळी पाचला रो-हाउसच्या सामाईक भिंतीला लागून हा आवाज शेजारी किती दिवस ऐकून घेतील ते वेगळंच. आपल्याकडे खोल्या गरम करायची गरज नाही, आणि नुसत्या पाण्यासाठी गच्चीवरचा सोलर हीटर किंवा पाइप गॅसचा गीझर या सगळ्या खटाटोपापेक्षा सरळ आहे.

डेमो कसा झाला ते नीट समजून घ्या, कारण पैसे तिथेच सुटतात. विक्रेता इंजिन टेम्पोतून आणतो तेव्हाच ते गरम असतं. कुटुंबाच्या डोळ्यांसमोर पारदर्शक बाटलीतून पिवळं तेल टाकीत ओततात, इंजिन टकाटक सुरू होतं, पंखे-दिवे लागतात, पंधरा मिनिटांत टाळ्या. या संचात पत्र्याच्या टाकीखाली डिझेलची मूळ टाकी तशीच जागेवर होती आणि दोन्हींच्या मध्ये तीन तोंडांचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह डिझेलकडे ठेवला की वर ओतलेलं तेल नुसतं दाखवायला. काही वेळा बाटलीत बायोडिझेल असतं. ते दिसतं तेलासारखंच, पण दाटपणा ३.५ ते ५, म्हणजे जवळपास डिझेलइतका. ओळखायला प्रयोगशाळा नको. सुईशिवायच्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये आधी डिझेल, मग तेच 'तेल' भरून दट्ट्या काढा आणि आपसूक गळायला किती सेकंद लागतात ते मोजा. खरं तळणाचं तेल कितीतरी पट हळू गळतं. दोन्ही सारख्या वेगाने गळाली तर ते खाद्यतेल नाही.

डेमो मागायचाच असेल तर तुमच्या अटींवर मागा. इंजिन आदल्या रात्रीपासून तुमच्याकडे बंद पडून असलं पाहिजे. तेल तुम्ही आणायचं. टाक्यांपासून पंपापर्यंतची प्रत्येक नळी बोटाने पकडून बघायची आणि दुसरी टाकी आहे का ते विचारायचं. दुसरी टाकी असणं हा गुन्हा नाही, उलट चांगल्या रचनेत ती असतेच. ती लपवली असेल तर मात्र तिथेच थांबा. मग गीझर, एसी आणि पाण्याचा पंप लावून निदान तीन तास चालवायला सांगा. पाटीवर पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट. २ किलोवॅटचा गीझर आणि दीड टनाचा एसी एकत्र लावले की तो जवळपास भरला, त्यावर पंपाची मोटर सुरू होतानाचा झटका त्याला पेलत नाही. 'अख्खं घर' हा शब्द त्या क्षणी गळून पडतो.

तीन तासांनीही खरं नुकसान दिसत नाही, ते पन्नास-शंभर तासांनी दिसतं. या इंजिनात इंजेक्टरच्या टोकाला कोळशाची फुलं धरली होती आणि पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटल्या होत्या. क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पेटीतलं, वंगणाचं ऑइल जेलीसारखं घट्ट झालं होतं. न जळलेलं खाद्यतेल रिंगांच्या बाजूने खाली उतरतं. डिझेल उतरलं तर इंजिनच्या उष्णतेने बरंचसं उडून जातं. खाद्यतेल उडत नाही, साचतं आणि तापून घट्ट होतं. याची खूण आधीच मिळते: डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते. कुटुंबातल्या आजोबांनी ही वाढ नेमकी टिपली होती. विक्रेत्याने 'ऑइल वाचतंय, चांगलं आहे' म्हणून त्यांची बोळवण केली. पातळी वाढली की इंजिन त्याच दिवशी बंद करून ऑइल बदलायचं असतं.

आता तेल. पहिल्या महिन्याचे डबे स्वच्छ होते. पुढचे काळपट, तळाशी चोथा, आणि 'मोफत' तेलावर डब्यामागे वाहतूक खर्च सुरू झाला. ३०० युनिट वीज वापरणाऱ्या घराचा हिशेब करा. छोटा जनरेटर लिटरमागे फार तर अडीच ते तीन युनिट देतो. म्हणजे महिन्याला १०० ते १२० लिटर, १५ किलोचे सहा-सात डबे. एवढं तेल मोफत देणार कोण? वडापावच्या गाडीवर तेल उरतच थोडं, कारण बरंचसं वड्यांबरोबर जातं आणि कढईत वरून नवं पडत राहतं. मोठ्या फरसाणवाल्यांची गोष्ट वेगळी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील टोटल पोलर कंपाउंड्सवर (तेल वारंवार तापवल्याने त्यात वाढत जाणारे घटक) २५ टक्क्यांची मर्यादा घातली. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवून वापरलेलं तेल अधिकृत संकलकाला द्यावं लागतं. संकलक त्याचे पैसे मोजतात. बाजारात किंमत असलेली वस्तू तुमच्या दारात फुकट कशी येईल? समजा ती ५० रुपये लिटरने पडली, तर एका युनिटला नुसतं तेलच १७ ते २० रुपये. फिल्टर, ऑइल आणि रिंगा वेगळ्या. बिलावरचा दर आधी बघा, मग ठरवा.

डबा घेण्यापूर्वी दोन तपासण्या घरच्या घरी होतात. चमचाभर तेल छोट्या कढईत ११०-१२० अंशांपर्यंत तापवा, चटचट उडलं तर पाणी आहे. पाणी इंजेक्शन पंपाला गंज आणतं. चेहरा लांब ठेवा, आणि धूर यायला लागेपर्यंत तापवू नका. जळत्या तेलाच्या धुरातलं अ‍ॅक्रोलीन डोळ्यांतून पाणी काढतं. दुसरं, पारदर्शक बाटलीत भरून तीन दिवस न हलवता ठेवा. तळाशी पाण्याचा थर आणि चोथा, वर तेल, असं वेगळं झालं की डब्यातला नक्की किती भाग कामाचा ते कळतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान खाली गेलं की बाटलीत पांढरट गोठलेला भाग दिसेल. गाड्यांवर पामतेल चालतं आणि त्यातला जड भाग थंडीत बसतो. फिल्टर चोंदून इंजिन बंद पडण्याचं ते साधं कारण. या कुटुंबाला मात्र त्यासाठी 'स्पेशल अ‍ॅडिटिव्ह'च्या बाटल्या विकल्या गेल्या. डब्याला गॅरेजसारखा वास येत असेल तर त्यात जळकं इंजिन ऑइल मिसळलं आहे, तो परतच करा.

तेल तापवायला टाकीत तांब्याची नळी बसवून देतात तेही बघा. तांबं गरम तेलात उत्प्रेरकाचं काम करतं, तेल लवकर चिकट होतं. तिथे स्टेनलेस स्टील हवं, आणि साध्या रबराच्या नळ्या फुगतात म्हणून व्हिटॉनच्या. खरोखर जमवणारी माणसं पाण्याने थंड होणारं, कमी वेगाचं इंजिन घेतात. तेल काही आठवडे स्थिरावू देतात, मग १०० मायक्रॉनपासून ५ मायक्रॉनपर्यंत टप्प्याटप्प्याने गाळतात. इंजिन डिझेलवर सुरू करतात, तापल्यावर तेलावर नेतात आणि बंद करण्यापूर्वी काही मिनिटं पुन्हा डिझेल चालवून पंप आणि नोझल धुतात. वंगणाचं ऑइल नेहमी जितक्या तासांनी बदलतात त्याच्या निम्म्या तासांतच बदलतात. यातलं काहीच न सांगता 'डबा ओता, बटण दाबा' म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे नाही तर लबाड. कोणी घरी मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून बायोडिझेल करायला शिकवत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. मिथेनॉल विषारी आहे, ६५ अंशांच्या आतच उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते. ते ओट्यावरचं काम नाही.

कागदांवर 'एफएसएसएआय मान्यताप्राप्त' असा शिक्का होता. ही संस्था खाण्याच्या पदार्थांची आहे, इंजिनांना मान्यता देत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'रुको' उपक्रमाचं चिन्हही छापलं होतं. तो उपक्रम वापरलेलं तेल खाण्यातून काढून बायोडिझेल कारखान्यांकडे वळवण्यासाठी आहे, घरगुती जनरेटरशी त्याचा संबंध नाही. नेट मीटरिंगचं, म्हणजे उरलेली वीज महावितरणला द्यायचं, आश्वासन त्याहून धडधडीत खोटं: ती सोय सोलरसारख्या स्रोतांसाठी आहे, डिझेल जनरेटरची वीज त्यातून विकता येत नाही. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी ४ प्लस निकष लागू आहेत. संचावर त्याची पाटी हवी, इथे नव्हती.

सर्वांत भयंकर प्रकार वायरिंगचा. चेंजओव्हर स्विच घराला एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडतो. त्याचे पैसे वाचवायला दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ती गीझरच्या सॉकेटमध्ये खुपसून दिली होती. मेन स्विच पाडायला विसरलं की जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला वायरमन मरतो. वीज परत आली तर जनरेटरही जळतो. तुमच्याकडे अशी वायर असेल तर आजच कापून टाका. ओट्यावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकून तिन्ही बाजू बंद केल्या असतील तर जनरेटर तिथे चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाका. १५ अंकाक्षरांपैकी पहिले दोन महाराष्ट्रासाठी २७, पुढची दहा म्हणजे पॅन. जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर फर्म, पी असेल तर व्यक्ती. या क्वोटेशनवर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलं होतं, सहावं अक्षर होतं पी, आणि पोर्टलवर धंदा निघाला कापडाचा. टोकन यूपीआयने एका माणसाच्या खासगी खात्यावर गेलं होतं.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. १ जुलै २०२४ नंतरच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. विक्रेत्याचा पत्ता माहीत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षं, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

इंजिन मेकॅनिकला उघडायला देण्यापूर्वी पाटी, सिरियल नंबर, दोन्ही टाक्या, व्हॉल्व्ह आणि वायरिंगचे फोटो काढा. उघडताना व्हिडिओ करा आणि निघालेल्या रिंगा, नोझल पिशवीत भरून ठेवा, भंगारात देऊ नका. प्रत्येक डब्यातलं अर्धा लिटर तेल काचेच्या बाटलीत भरा, तारीख लिहा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या असलेली चिठ्ठी चिकटवून सील करा आणि अंधारात ठेवा. क्रँककेसमधल्या ऑइलची एक बाटली वेगळी. उरलेलं तेल गटारात ओतू नका, कोणाला तळणासाठी तर अजिबात देऊ नका. अधिकृत संकलकाला बोलावून द्या आणि किती किलो दिलं त्याची पावती तक्रारीच्या फाइलला जोडा.