जुनी चेनसॉ मशीन, साठ ओढी आणि दहाच्या नाण्याएवढा पडदा : दहा महिन्यांचा अनुभव

मशीन म्हणजे चेनसॉ, पेट्रोलवर चालणारी लाकूड कापायची साखळीची करवत, 50 सीसीच्या वरची, 18 इंची बारची (बार म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी). थोरल्या काकांनी 2013 ला घेतलेली, गेल्या मार्चपासून माझ्याकडं आहे. घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. काजू, फणस, बांधावर अकेशिया, त्यामुळं वर्षभर काही ना काही कापायला लागतंच. मार्च ते मे झकास चालली, थंड असताना दोरीच्या तिसऱ्या ओढीला सुरू, गरम असताना एका ओढीत.

मग पाऊस लागला. कणकुंबीकडचा पाऊस कसा असतो ते ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. जूनमध्ये मशीन कोपऱ्यात ठेवली ती टाकीत पेट्रोल तसंच ठेवून, आणि इथंच चुकलं. ऑगस्टमध्ये फणसाची फांदी गोठ्याच्या वाटेवर आडवी पडली, जनावरं आत अडकलेली, आणि मशीन काय सुरू होईना. साठ ओढी मोजून मारल्या, खांदा दोन दिवस वर उचलेना. शेवटी कुऱ्हाडीनं वाट केली.

बेळगावात एका सर्व्हिसवाल्याकडं नेली. त्यानं दोनदा दोरी ओढली आणि सांगितलं, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) गेली, कार्बेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) पण बदलायला लागणार, 4,200 रुपये, त्यापेक्षा नवीनच घ्या. मी विचारलं, स्पार्क बघितला काय? तर म्हणाला, आम्ही रोज हेच करतोय. प्लग सुद्धा न काढता कॉइल गेली म्हणून कसं काय कळतं मला सांगा! वर तपासणीचे 300 घेतले. त्या 300 रुपयांचा राग अजून गेलेला नाही, कारण तपासणी झालीच नव्हती.

भाचा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, लेथवर असतो. तो रविवारी आला आणि पहिलंच वाक्य बोलला, "मामा, प्लग ओला आहे की कोरडा, आधी तेवढं सांगा." मला तेच माहीत नव्हतं. ज्यांची मशीन अशी अडून बसली आहे त्यांनी पैसे घालवायच्या आधी हे बघाच. चोक लावून आठ-दहा ओढी मारायच्या आणि प्लग काढायचा. ओला चिंब असला तर पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे चोक उघडा करून, प्लग पुसून, नुसती दोरी ओढून आत साठलेलं बाहेर काढायचं. कोरडा असला तर पेट्रोल पोचतच नाही. आमचा खडखडीत कोरडा. मग पेट्रोल लांब ठेवून प्लग सिलिंडरच्या पत्र्याला टेकवून दोरी ओढली, निळा ठसठशीत स्पार्क. म्हणजे कॉइल चांगली, 4,200 मधली अर्धी गोष्ट तिथंच संपली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघायला त्यानं मशीन दोरीच्या मुठीला धरून लटकवली, झटक्या-झटक्यानं हळूहळू खाली आली. धाडकन खाली आली असती तर पिस्टन-रिंगचं काम होतं म्हणे.

आता मुख्य गोष्ट, पडदा. म्हणजे डायफ्राम. या मशीनच्या कार्बेटरला मोटारसायकलसारखी पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी नसते, कारण मशीन आडवी-उलटी कशीही धरायला लागते. त्याजागी पातळ रबरी पडदा असतो, इंजिन ओढतं तसा तो आत दबतो, मधलं बटण छोट्या लिव्हरला दाबतं, सुई उघडते आणि पेट्रोल येतं. पडदा कडक झाला की लिव्हर दाबतच नाही. चार स्क्रू काढून झाकण उघडलं, पडदा बोटानं दाबला तर टिक टिक आवाज आला, उन्हात वाळलेल्या पापडासारखा. कार्बेटर दुरुस्तीच्या कीटमधला नवा दाबला तर मऊ, आवाज नाही. दोन्ही हातात धरून बघितल्यावर मला सगळं कळलं. कीट 220 रुपये. टाकीतला पाईप पण जिथं आत शिरतो तिथं चिरलेला होता, सरळ ठेवला की दिसत नव्हता, वाकवला की चीर उघडायची. तो 60 रुपये. टाकीतला फिल्टर तारेच्या हुकानं बाहेर ओढून तोही बदलला. सातव्या ओढीला फटफटली आणि त्यापुढच्या ओढीला सुरू!

सुरुवातीला मी सगळा दोष मशीनच्या वयाला देत होतो, आता तसं म्हणत नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल पाणी ओढून घेतं, जास्त पाणी झालं की ते दोन्ही मिळून तळाला बसतात आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. आमचा जिल्हाच उसाचा, इथेनॉलबद्दल माझी तक्रार नाही, पण चार महिने टाकीत ठेवायची वस्तू ती नव्हे. आता काम संपलं की टाकी रिकामी करतो आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. पेट्रोल-तेलाचं मिश्रण पण एका वेळी लिटरभरच, आमच्या मशीनच्या पुस्तकात 40 ला 1 आहे, म्हणजे लिटरला 25 मिली टू-टी तेल. जास्त तेल बरं म्हणून ओतू नका, प्लग काळा होतो.

नोव्हेंबरात परत रडली. दहा मिनिटं चालायची, मग बंद, मग सुरूच व्हायची नाही. मला वाटलं पडदा परत गेला, रात्री झोप नाही. टाकीचं झाकण सैल केलं तर फुस्स करून हवा आत गेली. टाकीत हवा घ्यायचं बारीक भोक भुश्यानं बुजलेलं. पेट्रोल उपसलं जायचं, आत हवा यायची नाही, मग ओढणार काय? ब्रशनं साफ केलं, खर्च शून्य. सायलेन्सरची जाळी पण काजळीनं भरलेली, ती तारेच्या ब्रशनं घासली.

एकूण खर्च प्लग धरून 500 च्या आत, तपासणीचे 300 वेगळे. सध्या थंडीत सकाळी चोक लावून चार ओढी, फट झालं की चोक अर्धा, पुढच्या ओढीला सुरू. चेनचं तेल मात्र अजून रात्रीत खाली सांडतं, खाली पत्र्याचा डबा ठेवलाय. त्याची सील मागवली आहे, भाचा पुढच्या रविवारी येणार आहे.