ई-स्पोर्ट्सच्या वळणाचा टी-शर्ट आणि नागपूरचे ऊन

मॅथ्यू हाग ऊर्फ ‘नेडशॉट’ या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ व्हिडिओ गेमच्या माजी व्यावसायिक खेळाडूने 2017 मध्ये ‘हंड्रेड थीव्ह्ज’ ही संस्था काढली आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळणाऱ्या संघाइतकेच लक्ष कपड्यांवर दिले. मोजके नग ठरलेल्या वेळी ऑनलाइन विक्रीस आणायचे आणि संपले की संपले, ही त्याची पद्धत आता आपल्याकडचे छोटे विक्रेतेही गिरवतात. अशाच एका देशी संकेतस्थळावरून मागवलेला ओव्हरसाइझ टी-शर्ट धरमपेठेत घरपोच मिळाला.

कापड 240 जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला 240 ग्रॅम वजनाचे), सुती आणि दणकट आहे. गळ्याची पट्टी धुतल्यावरही सैल पडलेली नाही आणि खांद्याची शिवण मुद्दाम खाली उतरवल्यामुळे अंगावर तो छान बसतो. पाठीवरची छपाई मात्र निराश करते. पाण्यावर आधारित शाईच्या स्क्रीन प्रिंटमध्ये रंग धाग्यांत मुरतो. येथे मात्र उष्णतेने चिकटवलेल्या डीटीएफ (आधी प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर छापून मग कापडावर उतरवलेल्या) फिल्मचा वीतभर रुंद चौकोन आहे, त्यातून वारा खेळत नाही आणि पारा 45 अंशांच्या आसपास असताना सीताबर्डीत खरेदीला निघाल्यास पाठ घामाने निथळते. (हे नक्षीकाम करणाऱ्याने विदर्भातला मे महिना पाहिलेला नसावा.) फिल्मच्या कडाही सुटू लागल्या आहेत.

माप बदलून मिळत नाही, हे पैसे भरल्यानंतर कळते. माल मर्यादित असला तरी ही अट आधीच सांगायला हवी. घ्यायचाच असेल, तर छातीवर लहानसे चिन्ह असलेला नग निवडावा, तो उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि छपाईवर इस्त्री फिरवू नये.