केबलवाल्याचं नेट सोडून फायबर घेताना

सोसायटीच्या जिन्यातल्या स्विचमधून लॅन वायरने येणारं केबलवाल्याचं नेट सोडण्याचं खरं कारण स्पीड नाही, वीज आहे. जिन्यातल्या स्विचला वीज लागते. ती गेली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट ठप्प. जिओ, एअरटेल किंवा बीएसएनएलच्या फायबरमध्ये मधल्या डबीतला स्प्लिटर फक्त प्रकाश वाटून देतो, त्याला वीज लागतच नाही. घरातल्या ओएनटीला (फायबरचा प्रकाश नेटमध्ये बदलणारी डबी) मिनी यूपीएस लावला (व्होल्ट-अँपिअर अडॅप्टरवर वाचून घ्या, बहुतेक 12 व्होल्ट असतात) की पलीकडे कंपनीचा बॅकअप टिकेल तोवर नेट चालू.

प्लॅनच्या किमतीत 18 टक्के जीएसटी धरलेला नसतो. 699चं बिल 824.82 होतं. ‘अनलिमिटेड’ म्हणजे जिओ-एअरटेलच्या फायबरवर महिन्याला 3300 जीबी. घरगुती वापरात ते संपता संपत नाहीत. एअरफायबर मात्र नावापुरतंच फायबर. गच्चीवर बहुधा 5जी अँटेना, मर्यादा 1000 जीबी आणि अपलोड कमी. वायर येत असेल तर वायरच घ्या. बीएसएनएलची घरापर्यंतची वायर बहुधा स्थानिक भागीदार सांभाळतो, म्हणजे सेवा त्या माणसावर. फॉर्म भरण्याआधी शेजारच्या इमारतीत विचारा, तक्रार केल्यावर तो किती वेळात येतो.

जोडणीच्या दिवशी घाई करू देऊ नका. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं आणि आत शिरण्यापूर्वी वायरला खाली झोल हवा, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून घरात येतं. वायर कोपऱ्यात काटकोनात दाबून खिळा मारला की सिग्नल गळतो. शेवटी वायरीतल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा मागा: उणे 15 ते उणे 24 डीबीएम असेल तर निश्चिंत. उणे 27 म्हणजे आज चालेल, पावसाळ्यात लाल एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा लागू शकतो. वायरीच्या टोकाचा हिरवा कनेक्टर पुसून किंवा नवा बसवून आकडा सुधारतो. नाही सुधारला तर दोष बाहेरच्या जोडात. बहुतेक तंत्रज्ञ न मागता हा आकडा दाखवत नाहीत.

स्पीड टेस्ट वायफायवर नको, लॅपटॉपला लॅन वायर लावून करा. 200चा प्लॅन घेऊन आकडा 94-95वर अडकला तर कंपनीला फोन करण्याआधी वायर बदला. आठांपैकी चारच तारा जोडलेल्या असल्या की पोर्ट 100 एमबीपीएसवरच राहतो. ओएनटी टीव्हीमागे किंवा शू रॅकमध्ये कोंबू नका. नव्या राउटरला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. टीव्ही, प्रिंटर, स्मार्ट बल्ब बहुतेक आपोआप जोडले जातात.

बाहेरून थेट आयपीवर (घरच्या नेटच्या पत्त्यावर) सीसीटीव्ही बघणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. जिओ-एअरटेलच्या साध्या प्लॅनवर आयपीव्ही4 पत्ता बहुधा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत येण्याची सोय) चालत नाही. ॲपवरून क्लाउडने चालणाऱ्या कॅमेऱ्यांना अडचण नाही.

जुनं कनेक्शन आणखी पंधरा दिवस राहू द्या. त्यावर लँडलाइन असेल तर तिचा नंबर मोबाइलसारखा दुसऱ्या कंपनीत पोर्ट होत नाही, तेव्हा बँक आणि गॅस एजन्सीकडे आधी नवा नंबर द्या. मग बंद करण्याचा अर्ज ईमेलने पाठवा. नुसतं बिल भरणं थांबवलं तर पोस्टपेडवर थकबाकी चढते. राउटर परत देताना अडॅप्टरही द्या, सीरियल नंबरचा फोटो काढा आणि पोचपावती हातात आल्याशिवाय माणसाला सोडू नका. डिपॉझिट बहुधा तिच्यावाचूनच अडतं.