अनस्प्लॅश की पेक्सेल्स: असिस्टंटला काय जोडावं?
लातुरातल्या आडत दुकानांच्या पोस्ट बनवायला एआय असिस्टंटला फोटोशोध जोडायचा, तर अनस्प्लॅश आणि पेक्सेल्स या मोफत फोटोंच्या दोन साइटींपैकी मी पेक्सेल्सच घेईन. अनस्प्लॅशची डेमो एपीआय-की (असिस्टंटला साइटशी जोडणारी चाचणीपुरती किल्ली) तासाला ५० रिक्वेस्ट, म्हणजे ५० वेळा विचारणा, करू देते. असिस्टंट एका फोटोसाठी चार-पाच शब्द बदलून बघतो, म्हणजे दहा-बारा पोस्टींत कोटा खलास. शिवाय त्यांच्या अटी: फोटो त्यांच्याच लिंकवरून दाखवा, फोटोग्राफरचं नाव द्या, डाउनलोड झालं की त्यांना कळवा. फोटो मात्र देखणे, हे मान्य.

पेक्सेल्सला तासाला २००, महिन्याला २०,००० रिक्वेस्ट, व्हिडिओही मिळतात. श्रेय तिथंही द्यायचंच.

शब्द मात्र तुम्हीच सुचवा. तुरीसाठी माझ्या असिस्टंटनं ‘पिजन पी’ हे तिचं इंग्रजी नाव शोधलं (पिजन म्हणजे कबुतर) आणि डाळीऐवजी कबुतरं आणून ठेवली! मालक म्हणाले, “हे मोंढ्यात रोजच दिसतेत की.”