हडसन बेच्या काठावर चार महिने: संशोधन केंद्रातल्या स्वयंसेविकेचा अनुभव

आधी निकाल सांगते. जमत असेल तर अशा केंद्रात स्वयंसेवक म्हणून नक्की जा, पण बर्फात खड्डे खणायची आणि तेच ते आकडे पुन्हा पुन्हा लिहायची तयारी असेल तरच. अरोरा (रात्रीच्या आकाशातले ध्रुवीय प्रकाशाचे पट्टे) आणि पांढरी अस्वलं एवढंच बघायचं असेल, तर पर्यटक म्हणून गेलेलं बरं.

मी कॅनडातल्या हडसन बे या उपसागराकाठच्या चर्चिल गावाजवळच्या संशोधन केंद्रात नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत राहिले. चर्चिल साधारण ५८.८ अंश उत्तरेला, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या बरंच खाली. काटेकोर बोलायचं तर हा उपध्रुवीय प्रदेश. तरीही पायाखाली कायम गोठलेली जमीन आहे, जंगल संपून टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला गार माळ, सुरू होतो ती सीमा इथेच आहे, आणि डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम सव्वासहा तासांचा असतो.

गावाला बाहेरून येणारा रस्ताच नाही. विमान, नाहीतर विनिपेगहून दोन रात्रींचा रेल्वेप्रवास. हा मार्ग १९२९ साली गावापर्यंत पोचला. रूळ गोठलेल्या जमिनीवर टाकलेले असल्यामुळे उत्तरेकडच्या टप्प्यात गाडी फार हळू जाते. २०१७ च्या पुरात तो वाहून गेला तेव्हा सुमारे दीड वर्ष गावात रेल्वे नव्हती. परतीचं पुढचं तिकीट काढताना मध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

राहणं-जेवण मिळतं आणि त्याच्या बदल्यात रोज पाच-सहा तास काम करायचं. यातलं निम्म्याहून जास्त काम स्वयंपाकघर, भांडी, खोल्यांची साफसफाई आणि दारासमोरचा बर्फ उपसणं. मला हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. उलट, सगळ्यांचं जेवण वेळेवर झालं तरच सकाळची तुकडी वेळेवर बाहेर पडते, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

आता मोजमापांबद्दल. माझ्या वाट्याला बर्फाचे खड्डे आले. दोन ठरलेल्या जागा: एक उघड्या टुंड्रावर, दुसरी झाडांच्या आत. खड्डा जमिनीपर्यंत खणायचा, ज्या भिंतीवर मोजायचं तिच्यावर ऊन येऊ द्यायचं नाही आणि तिच्या वरच्या बर्फावर पाय पडू द्यायचा नाही. मग ब्रश हलकेच फिरवला की थर उठून दिसतात. दर दहा सेंटीमीटरला तापमान घ्यायचं. ठरावीक मापाच्या पत्र्याच्या डबीनं बर्फ कापून वजन करायचं, त्यावरून घनता निघते. थर ४० सेंटीमीटर जाड आणि सरासरी घनता घनमीटरला ३०० किलो असेल, तर तो वितळल्यावर १२० मिलिमीटर पाणी होईल. बर्फ किती पडला यापेक्षा पाणी किती साठलंय हे अभ्यासकांना हवं असतं, आणि ते नुसती पट्टी रोवून कळत नाही.

शेवटी भिंगाखाली कण बघायचे. टुंड्रावर वरचा थर वाऱ्यानं दाबून इतका टणक झालेला की डबी आत जाईना, आणि तळाशी जाड साखरेसारखे सुटे, पैलूदार स्फटिक. मी थक्क झाले. एके दिवशी हवा उणे ३१ होती आणि ४० सेंटीमीटर खाली, जमिनीला लागून, उणे ८. एवढ्याशा थरात २३ अंशांचा फरक! खालच्या उबदार बर्फातली वाफ वर सरकते आणि थंड कणांवर पुन्हा गोठते, त्यातून तळाचे हे मोठे, ठिसूळ स्फटिक तयार होतात. इन्युइट लोकांचा त्याला शब्द आहे, पुकाक, आणि बर्फाचे अभ्यासकही तो वापरतात. लेमिंग नावाचे छोटे उंदीर हिवाळाभर याच थरात फिरतात. भिंतीत त्यांचं एक बीळ अर्धं कापलं गेलेलं दिसलं, त्या दिवशी मी खड्डा बुजवताना फार जपून बर्फ टाकला.

झाडांमधल्या खड्ड्यात बर्फ जवळजवळ दुप्पट खोल, मऊ, आणि तळाचं तापमान टुंड्रापेक्षा कितीतरी वर. बर्फ पांघरुणाचं काम करतो. झाडं-झुडपं वाऱ्यानं वाहून येणारा बर्फ अडवतात, म्हणून खालची जमीन हिवाळ्यात पुरेशी गार होत नाही. टुंड्रावर झुडपं वाढली तर गोठलेल्या जमिनीचं काय होईल, या प्रश्नाचं मूळ इथे आहे. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. एकाच दिवशी दोन्ही खड्ड्यांत हात घातल्यावर ते अंगात मुरतं.

माझ्याकडून एक चूक झाली. थर्मामीटर दर आठवड्याला पाणी आणि कुटलेला बर्फ यांच्या मिश्रणात बुडवून तपासायचा असतो, तिथे तो शून्य दाखवायला हवा. सणाच्या गडबडीत मी तीन आठवडे तपासला नाही. तपासला तेव्हा तो १.४ अंश जास्त दाखवत होता. तोवर नऊ खड्डे झाले होते. मला वाटलं, सगळ्यांतून १.४ वजा केलं की झालं. नोंदी सांभाळणाऱ्या ताईंनी शांतपणे विचारलं, बिघाड नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला ते तुला माहीत आहे का? माहीत नव्हतं. मग आकडे होते तसेच ठेवले, तपासणीची तारीख आणि फरक लिहिला, आणि नऊही ओळींवर शंकेची खूण केली. वादळामुळे बाहेर पडता आलं नाही त्या दिवसांचे रकानेही रिकामेच राहिले. आदल्या-दुसऱ्या दिवसाची सरासरी भरायची नाही. मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं, पण नागरिक विज्ञानावर, म्हणजे सामान्य लोकांनी केलेल्या मोजमापांवर, लोक विश्वास का ठेवतात हेही तेव्हाच समजलं.

अरोराच्या नोंदींतही हेच तत्त्व. अरोरासॉरस या प्रकल्पात दिसला तर कळवायचं आणि नाही दिसला तरी कळवायचं, कारण अंदाज कुठे चुकला ते ‘नाही’ मधून समजतं. मी ‘नाही’ बऱ्याचदा लिहिलं, ढगच फार. हौशी लोकांच्या नोंदींचं वजन किती असतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे स्टीव्ह. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातले हौशी छायाचित्रकार आकाशातल्या एका अरुंद जांभळट पट्ट्याचे फोटो काढत होते, २०१६ साली त्याला हे नाव पडलं. युरोपीय स्वॉर्म उपग्रहाच्या मोजमापांशी ते फोटो जुळवले गेले आणि २०१८ मध्ये शोधनिबंध आला. लेखकांच्या यादीत हौशी निरीक्षकही आहेत.

अस्वलांबद्दल थोडक्यात. चर्चिल नदीच्या गोड्या पाण्यामुळे इथला किनारा लवकर गोठतो, म्हणून अस्वलं शरद ऋतूत इथे जमून समुद्र गोठायची वाट बघतात. मी पोचल्यावर पहिले दोन आठवडे ती दिसली, मग बर्फावर निघून गेली. पश्चिम हडसन बेमधली त्यांची संख्या १९८७ मध्ये ११८५ च्या आसपास होती, २०२१ च्या पाहणीत अंदाज ६१८ चा आला. तरी हिवाळाभर बंदूकधारी सोबती आणि वॉकीटॉकीशिवाय कोणीही केंद्राबाहेर गेलं नाही. हा नियम जाचक वाटला तर जाऊच नका.

सामानात हातमोज्यांवर सगळ्यात जास्त विचार करा. आत पातळ मोजा आणि वर बोटं एकत्र राहणारा जाड मोजा, म्हणजे आकडे लिहिताना फक्त वरचा काढता येतो. उघड्या बोटांनी धातू धरू नका. पेन गोठतं, पेन्सिल न्या. बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. स्फटिक बघताना श्वास बाजूला सोडा, नाहीतर बघेपर्यंत ते वितळतात. मी घेतलेले बूट एक नंबर मोठे हवे होते. दोन जोड मोजे घातले की पाय आवळून जास्तच गारठायचे.

अंटार्क्टिकाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. तिथली केंद्रं देशोदेशीचे कार्यक्रम चालवतात आणि कर्मचारी निवडून नेमतात, स्वयंसेवक म्हणून असं सहज जाता येत नाही. पर्यटक जहाजांवर मात्र पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या फ्योर्डफायटो प्रकल्पासाठी पाण्याचे नमुने घेता येतात, आणि फोटोंवरून देवमासे ओळखणाऱ्या हॅपीव्हेलला हंपबॅक देवमाशांच्या शेपटीचे फोटो देता येतात. घरबसल्या करायचं असेल तर पेंग्विन वॉच आहे, कॅमेऱ्यांनी टिपलेल्या फोटोंमधले पेंग्विन मोजायचे. जायच्या आधी मी तीन महिने तेच केलं, आणि कंटाळा सहन होतो का हे तिथेच कळलं.

जूनमध्ये केंद्रातून हंगामाच्या नोंदींची फाइल आली. माझे एकूण ४३ खड्डे. ३४ ओळी आलेखात आहेत. उरलेल्या नऊ राखाडी रंगात, शेवटच्या रकान्यात मी पेन्सिलीनं लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं टंकलेलं: थर्मामीटर तपासलेला नाही.